पाच बोटं

पाचगणीच्या हॉटेलात दुपारच्या जेवणानंतर स्ट्रॉबेरी आणि क्रीम आलं. शकुंतलाबाईंनी वाटी नाकाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. क्रीम उतरलेलं होतं. अगदी आंबलेलं नाही, पण दुधाने गोडवा सोडला की येतो तो पहिला पुसट वास त्याला होता. दूध संघात सगळा जन्म गेलेल्या बाईला तो ओळखायला चाखून बघावं लागत नाही. शेजारी बसलेले संचालक मात्र चमचे चाटत होते. एकाने तर दुसरी वाटी मागवली. बाईंनी मान फिरवली. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

संघाचं शिबिर चाललं होतं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा संघ. कृष्णाकाठच्या मळ्यांपासून पार माणदेशाच्या उघड्या माळापर्यंत त्याची दूध संकलन केंद्रं. एवढा मोठा पसारा ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीने कसा चालवायचा याचं सर्टिफिकेट मिळवायला संचालक, खातेप्रमुख आणि अध्यक्षांच्या मर्जीतले लोक गाड्या भरून वर आले होते. शिकवायला पुण्याहून पुष्कर आला होता. मूळचा सांगलीचा, बोलायला गोड, पायांत पांढरेशुभ्र बूट.

बाई संघाच्या स्वीकृत संचालक. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पत्रिकेवर एखादी बाई दिसावी म्हणून आपल्याला ठेवलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कधीकाळी वाईच्या घरातून निघून, एसटीने जमेल तितकं आणि पुढे पायी, माणदेशातल्या वस्त्यांवर बायकांची दूध केंद्रं त्यांनीच उभी केली होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरांतल्या बायका तेव्हा त्यांना बघून दार लावून घ्यायच्या. त्याच बायकांनी पुढे दाराला आलेल्या मोठमोठ्या साहेबांना दूध मोजून घ्यायला शिकवलं.

शिबिरात वाटलेलं अ‍ॅजाइलचं पुस्तक बाईंनी नीट वाचलं. बाकीचे मोबाइल बघत होते तेव्हा त्या पेन्सिलीने खुणा करत होत्या. पुस्तकात वाईट काही नव्हतं. उलट, काम लहान तुकड्यांनी करावं, आधी थोड्या ठिकाणी करून बघावं, चुकलं ते दुरुस्त करावं आणि मगच सगळीकडे न्यावं, असं त्यात लिहिलं होतं. रोज थोडा वेळ उभं राहून प्रत्येकाने आपली अडचण सांगावी, असंही होतं. वाचता वाचता बाईंना आप्पासो आठवले.

आप्पासोंनी संघ काढला. पहाटे डेअरीच्या फाटकाशी पालथ्या कॅनवर बसायचे आणि भोवती जमलेल्यांना एकच विचारायचे, “अडचन कुनाची हाय? त्यानं म्होरं यावं.” आणि काही ठरवायचं असलं की म्हणायचे, “आधी न्हाई म्हननाऱ्यांनी बोला. व्हय म्हनायला काय, पोपट बी म्हनतोय.” न्हाई म्हणणारा माणूस त्यांच्या अगदी शेजारी उभा राहायचा. त्याला चहाही आधी मिळायचा.

त्यांच्याच मुलाने, धनाजीरावांनी, हे शिबिर भरवलं होतं. अध्यक्ष तेच.

शेवटी परीक्षा झाली. सकाळी ‘थोडासा सराव’ म्हणून पुष्करने पडद्यावर जे प्रश्न दाखवले होते तेच दुपारी मोबाइलवर आले. तरीही कुणी कुणाला विचारत होतं, कुणी फोन सरळ शेजाऱ्याच्या हातात देत होतं. धनाजीरावांची परीक्षा त्यांच्या पीएने दिली. साहेब तेव्हा लॉनवर फोटो काढून घेत होते. सगळे पास झाले. मग फेटे आले, शाली आल्या, नारळ आले. एकेकाला पुढे बोलावून सर्टिफिकेट दिलं गेलं. ज्यांनी पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं त्यांनी काचेची चौकट छातीशी धरून फोटो काढले. बाईंनी आपलं सर्टिफिकेट पिशवीत पालथं ठेवलं.

व्हरांड्यात पल्लवी भेटली. संघाच्या संगणक खात्यातली हुशार मुलगी. बाईंनी पहिलं केंद्र जिच्या अंगणात काढलं त्या खरातवस्तीच्या हरणाबाईची ही नात.

“बाई, तुम्ही वाटी तशीच ठेवलीत.”

“तू खाल्लंस?”

“मी? माझी आजी कोण आहे, विसरलात का?” पल्लवी हसली. “वाढणारा जवळ आला तेव्हाच कळलं.”

पल्लवीने हेच सर्टिफिकेट दोन वर्षांपूर्वी मिळवलं होतं. एकटीने, नोकरी सांभाळून, पहिल्यांदा नापास होऊन. बाईंना राहवलं नाही. “खरं सांग गं, त्या कागदाचा तुला काही उपयोग झाला का?”

“झाला की.” पल्लवी गंभीर झाली. “आधी साताऱ्याचं ऑफिस ‘काम झालं’ म्हणायचं, म्हणजे त्यांनी ते सांगलीला कळवलेलं असायचं. सांगली ‘झालं’ म्हणायची, म्हणजे फायलीवर सही पडलेली असायची. केंद्रावर काहीच पोचलेलं नसायचं. आता ‘झालं’ म्हणजे केंद्रावरच्या माणसाच्या हातात चालू झालं, हे दोन्हीकडे मान्य आहे. कुणाची अडचण कुणामुळे अडलीय ते सगळ्यांना दिसतं. नाहीतर सातारा सांगलीवर ढकलणार आणि सांगली साताऱ्यावर. पण एवढं पटवायला मला तो कागद लागला, बाई. वस्तीवरच्या पोरीचं नुसतं कोण ऐकणार होतं?”

“आणि आता?”

“आता काय,” पल्लवीने आत चाललेल्या फोटोंकडे मान वळवली, “आता सगळ्यांकडेच कागद आहे.”

*

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते काम असं होतं. प्रत्येक केंद्रावर दूध तपासायचं नवं यंत्र बसणार होतं. यंत्रातला आकडा थेट संघाकडे जाणार, तिथून टँकरच्या चालकाच्या मोबाइलवर परवानगी येणार आणि मगच चालक दूध घेणार. कागदाच्या चिठ्ठ्या बंद. कल्पना चांगलीच होती. पल्लवीची योजनाही पुस्तकात होती तशीच होती: आधी कृष्णाकाठची थोडी केंद्रं, मग डोंगराकडची, सगळ्यात शेवटी माळ. कारण माळावर मोबाइलला रेंज नाही. खरातवस्तीत तर फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं. आकडा गेला नाही तर परवानगी येणार नाही, परवानगी आली नाही तर टँकर रिकामा परत जाईल, आणि चैत्राच्या उन्हात दूध कॅनमध्ये कुणाची वाट बघत थांबत नाही.

पण धनाजीरावांना सगळी केंद्रं एका दिवशी चालू करायची होती. एक बटण, दोन जिल्हे. तो दिवस होता त्यांच्या वाढदिवसाचा.

ठरवायला संघाच्या सभागृहात सगळ्या खात्यांची एकत्र बैठक झाली. कडेगावच्या अलीकडे, रस्त्यालगत, आप्पासोंच्या पुतळ्यामागे हे सभागृह आहे. भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या होत्या, दोऱ्या बांधल्या होत्या. लग्नघरासारखा थाट. संध्याकाळी पुष्करने माइक घेतला.

“आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कॉन्फिडन्स व्होट. ही योजना जमेल असं किती वाटतं, ते हाताच्या बोटांनी दाखवायचं. पाच बोटं म्हणजे पूर्ण खात्री. तीन म्हणजे बरं. दोन किंवा एक म्हणजे शंका. मूठ म्हणजे अजिबात खात्री नाही. तीनपेक्षा कमी दाखवणाऱ्याचं आपण ऐकायचं आणि योजना दुरुस्त करायची. अगदी मनापासून दाखवा हं.”

बाई व्यासपीठावर बसल्या होत्या. मधल्या खुर्चीत धनाजीराव. त्यांनी आशीर्वाद द्यावा तसा पंजा वर केला. सभागृहाने आधी त्या पंजाकडे बघितलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, “मंजूर!”

आणि लगेच सगळीकडून, “मंजूर! मंजूर!”

ही सवय वार्षिक सभेची. सचिवाने विषय वाचून पुरा करायच्या आत मंजूर म्हणून ओरडायचं आणि जेवणाच्या रांगेकडे पळायचं. बाईंना तो ओरडा पहिल्यांदा ऐकला ती सभा आठवली. आप्पासो गेल्यानंतरची पहिली. त्या दिवशी विषय वाचायच्या आधीच मंजूर ऐकू आलं म्हणून लोक हसले होते. पुढच्या वर्षी कुणी हसलं नाही.

सगळे पंजे वर गेले. एकाने दोन्ही हात वर केले. “साहेब, आमची धा घ्या!” हशा पिकला. दोरीवरच्या रंगीत चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यावर हलत होत्या, आणि त्यांच्याखाली पंजेच पंजे. बाईंना ते पंजे अंगाला लागल्यासारखे किळसवाणे वाटले.

कडेला पल्लवी उभी होती. तिची दोन बोटं वर होती. बाईंनी आपलं एक बोट वर केलं.

धनाजीरावांना ते दिसलंच. माइक जवळ ओढून ते म्हणाले, “काय गं पल्लवी, दोनच? बाकीची बोटं घरी ठिवून आलीस व्हय?” हशा. मग मान वळवून, “आन् बाई, तुमचं एक बोट? बाहेर जायचं हाय का? जावा की, शाळा न्हाई ही.”

सभागृह खदखदून हसलं. बाईंच्या हाताखाली शिकलेली, आता खातेप्रमुख झालेली मंडळीही हसली. बाईंनी बोट खाली घेतलं नाही.

“साहेब,” पल्लवी म्हणाली, “माळावरच्या केंद्रांची चाचणी झालेली नाही. नियम असा आहे की आधी आमचं ऐकून...”

“नियम आमी बी शिकलोय,” पुढच्या रांगेतले संचालक म्हणाले. “सर्टिफिकेट हाय आमच्याकडं. हॉलमधी लावलंय.”

सगळ्यांनी पुष्करकडे बघितलं. पुष्करने लॅपटॉपकडे बघितलं.

“सर, सरासरी चार पूर्णांक नऊ आलीय. ही फारच उत्तम आहे. पल्लवीचा मुद्दा आपण नंतर वेगळा घेऊ.”

बाईंनी शेजारचा माइक ओढला. “पुष्कर, पाचगणीला तुम्हीच शिकवलंत. आत्ताही तुम्हीच सांगितलंत. तीनपेक्षा कमी असेल त्याचं काय करायचं?”

“मॅडम, ते तसं परिस्थितीवर अवलंबून असतं.”

धनाजीचं बाईंना नवल वाटलं नाही. त्याने पुस्तक उघडलंच नव्हतं. पण या मुलाला पानन् पान येत होतं. त्याच्याकडे नावामागे लावायला सर्टिफिकेटांची माळ होती आणि ती सगळी खरी होती. चहाच्या वेळी तो बाईंजवळ आला. “मॅडम, समजून घ्या. साहेब खूश राहिले तर पुढे आपल्याला खूप चांगलं काम करता येईल.”

“तुम्हाला सर्टिफिकेट कशाचं दिलंय हो? साहेबांना खूश ठेवायचं?”

तो मनापासून हसला. जणू बाईंनी त्याचं कौतुकच केलं होतं. मग त्याने बिस्किट चहात बुडवलं आणि ते मऊ झालेलं बिस्किट जिभेवर ओढून घेतलं. बाईंनी आपला कप तसाच ठेवला.

*

वाढदिवसाला संघाच्या आवारात मांडव पडला. फाटकापासून रस्त्यापर्यंत धनाजीरावांचे फलक. व्यासपीठावर भिंतीएवढा पडदा, पडद्यावर दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा, आणि प्रत्येक केंद्राचा एकेक ठिपका. काम नीट चालू झालं की केंद्रावरच्या माणसाने आपल्या फोनवर हिरवं दाबायचं, अडलं तर तांबडं. तो निरोप टेकाडावरून गेला तरी चालत होता; यंत्राला मात्र टेकाडावर नेता येत नव्हतं. साहेबांनी बटण दाबलं. सनई वाजली. बघता बघता नकाशा हिरवागार झाला. फलटण हिरवं, वाई हिरवी, सगळा माणदेश हिरवा, जो श्रावणातही कधी होत नाही. एकही तांबडा ठिपका नव्हता. नकाशाच्या वरच धनाजीरावांचा हसरा चेहरा होता. त्याच्या खाली, आजच्या दिवशी, तांबडं कोण दाबणार?

पल्लवी बाईंच्या खुर्चीमागे येऊन वाकली. तिचा चेहरा उतरला होता. “बाई, खरातवस्तीचा ठिपका हिरवा आहे. पण यंत्राचा आकडा आलेलाच नाही. आजूबाजूच्या कुठल्याच वस्तीचा नाही.”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

“बाई, म्या हरणा. टेकाडावर चढून बोलतीया. टँकर आलाय, पर डायवर दूध घेत न्हाई. फोनात परवानगी न्हाई म्हनतोय.”

“अगं, पण तुमच्या गुंडानं तर इथं हिरवं दाबलंय.” गुंडा म्हणजे खरातवस्तीच्या केंद्रावरचा माणूस.

“दाबलंय की. म्या समोरच व्हते. सायबाचा वाडदिस हाय, आज तांबडं कुटं दावू म्हनाला. ऊन लय चढलंय बाई. सांगा, काय करू?”

बाई उठल्या. धनाजीरावांच्या गळ्यात हार पडत होते. गर्दीतून वाट काढत त्या त्यांच्यापर्यंत गेल्या.

“धनाजी, चालकांना एक निरोप दे. आजचा दिवस माळावरचं दूध जुन्या पद्धतीनं घ्या म्हणावं. नासायला लागलंय.”

धनाजीरावांनी फोटोसाठी धरलेलं हसू हलू दिलं नाही. ओठांतल्या ओठांत म्हणाले, “बाई, समदं हिरवं हाय. बघा की वर. आजच्या दिसाला नाट लावू नगा.”

“हिरवं खोटं आहे.”

“घ्या, पेढा घ्या.” त्यांनी कुणाच्या तरी परातीतला पेढा उचलून बाईंच्या तोंडासमोर धरला. फोटोवाला पुढे सरकला. झेंडूचा, अत्तराचा, घामाचा आणि खव्याचा असा एकत्र वास बाईंच्या नाकात शिरला. त्यांनी तोंड फिरवलं. फोटोत त्यांची पाठ आली.

पल्लवीने रेंजमध्ये आलेल्या एकेका चालकाला फोन केले. परवानगीशिवाय दूध घेतलं तर घरी बसवतील, असं सगळ्यांचं उत्तर. मग त्या दोघी खात्याची जीप घेऊन निघाल्या. मायणीच्या पुढे रस्ता तापून चकाकत होता.

वस्तीवर पोचायच्या आधी वास पोचला.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात बायका कॅन रिकामे करत होत्या. फाटलेलं दूध दगडांमधून पिवळट पाणी आणि गुठळ्या होऊन वाहत होतं. त्यावर माश्यांचं काळं पांघरूण. दोन कुत्री चाटत होती, तीही थोडं चाटून बाजूला झाली. पल्लवीचा चुलता मल्हार दरडीवर उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. “काढतोय बाई, समदं काढतोय,” तो म्हणाला. “वाडदिसाचा आमच्याकडनं बी आहेर जाऊ द्या.” गुंडा केंद्राच्या दारात खाली मान घालून बसला होता. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

हरणाबाई कॅनच्या काठाला हात पुसत वर आली. ती बाईंच्याच वयाची.

“तिकडं ह्ये ठरलं तवा तुमी न्हाई म्हनला न्हवता का?”

“म्हटलं होतं. मी एक बोट दाखवलं, तुझ्या नातीनं दोन.” आणि बाईंनी तिला ते पाच बोटांचं सगळं सांगितलं.

“मग थांबलं का न्हाई?”

“सरासरी काढली त्यांनी.”

“म्हंजी?”

“म्हणजे सगळ्यांची बोटं एका भांड्यात ओतली. आमची त्यात दिसेनाशी झाली.”

हरणाबाईने खाली ओढ्याकडे बघितलं. “बाई, नासक्या कॅनचं दूध टँकरात मिसळलं म्हनून तुमी त्या खालच्या वस्तीचं केंद्र बंद केलं व्हतं. ध्यानात हाय?”

“आहे.”

“मग आता ह्ये कोन बंद करायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी खरातवस्तीतली एकही बाई केंद्रावर कॅन घेऊन गेली नाही. गुंडा यंत्र लावून नुसता बसून राहिला. दुपारपर्यंत आजूबाजूच्या वस्त्यांनीही दूध अडवलं. आणि मल्हारचं चित्रण वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर दोन्ही जिल्ह्यांतल्या फोनांवर फिरत राहिलं. केकवरची मेणबत्ती, खाली ओढ्यातल्या गुठळ्या. कुणीतरी त्याला सनई जोडली होती.

*

धनाजीराव आले ते फोटोवाला घेऊनच. मागे पुष्कर आणि चार कार्यकर्ते. बाई आणि पल्लवी वस्तीवरच मुक्कामाला राहिल्या होत्या. हरणाबाईच्या अंगणात, लिंबाखाली, सगळ्या बायका जमल्या.

“माझ्या मायभगिनींनो,” धनाजीरावांनी सुरुवात केली, “तांत्रिक अडचन झाली. मानूस हाय तिथं चूक हाय. पर आपन थांबायचं न्हाई. उद्यापास्नं पुन्यांदा चालू करू. तुमचा इस्वास हाय न्हवं माझ्यावर?”

“आवं, इस्वास बोटावर दावायचा असतोय म्हनं तुमच्यात,” हरणाबाई म्हणाली. “दावतो की. पल्लवे, सांग गं बायांना, कसं असतंय ते.”

पल्लवीने पाचापासून मुठीपर्यंत सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, “पुन्यांदा सांग, शेवटचं कंचं?” पल्लवीने पुन्हा सांगितलं.

मग हात वर गेले. बांगड्या खळखळल्या. एकीच्या हाताला शेण होतं, एकीच्या हातात पोर होतं म्हणून तिने पोराचीच मूठ धरून वर केली. अंगणभर मुठी. एकही बोट उघडं नाही. फोटोवाल्याने घाईघाईने फोटो काढले, कारण दृश्य चांगलं होतं.

धनाजीरावांचे हात सवयीने जोडले गेले होते. ते पुष्करकडे झुकले. “काय म्हनत्यात ह्या?”

पुष्कर नाकाला रुमाल लावून उभा होता. ओढा ओलांडताना त्याचा एक बूट गुठळ्यांच्या चिखलात रुतला होता, आणि त्यावर माश्या बसत होत्या. तो बूट जमिनीवर घासत राहिला.

“सांगा की,” बाई म्हणाल्या. “इथं तर सरासरी काढायलाही सोपी आहे.”

“सर,” पुष्कर रुमालाआडून म्हणाला, “मूठ म्हणजे अजिबात खात्री नाही. असं झालं तर योजना पुन्हा करावी लागते.”

“लागते म्हंजी?”

“नियम आहे, सर.”

हेच वाक्य त्याने सभागृहात म्हटलं असतं तर. बाई नुसत्या त्याच्या बुटाकडे बघत राहिल्या.

धनाजीरावांनी एकवार फोटोवाल्याकडे बघितलं, एकवार मुठींकडे. मग घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, “मग करू की पुन्यांदा! आज म्या सोता जाहीर करतो. माळावर आधी रेंज, मग यंत्र. तवर जुनंच चालू. माझ्या भगिनींचा शब्द म्हंजी माझ्या वडलांचा शब्द!”

मागे उभ्या असलेल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी टँकर आला, आणि चालकाने चिठ्ठी घेऊन दूध भरून नेलं.

महिनाभरात संघाच्या फाटकावर नवा फलक लागला. त्यावर तोच फोटो होता. हरणाबाईच्या अंगणातल्या मुठी, पुढे हात जोडलेले धनाजीराव, आणि खाली ठळक अक्षरं: ‘माणदेशच्या माता-भगिनींचा एकमुखाने पाठिंबा!’ पुष्करने तोच फोटो आपल्या नव्या शिबिराच्या पत्रकावर घेतला. गावपातळीपर्यंत अ‍ॅजाइल कसं पोचवलं, त्याचा पुरावा म्हणून. बाईंना ते पत्रक घरपोच आलं. त्यांनी ते वाचलं आणि उठून साबणाने हात धुतले. वास काही नव्हता. तरी धुतले.

“राजीनामा देते मी,” त्या पल्लवीला फोनवर म्हणाल्या. “या लोकांत बसायची शिसारी आलीय.”

“देऊ नका, बाई. मला व्यासपीठावर एक माणूस पाहिजे.”

“कशाला? एक बोट वर करायला?”

“तुम्ही या तर खरं.”

पावसाळ्यानंतर पुन्हा बैठक भरली. तेच सभागृह, त्याच दोऱ्या, व्यासपीठामागे तोच मुठींचा फलक. कृष्णाकाठची केंद्रं एव्हाना नीट चालू झाली होती; ते काम पल्लवीने थोडं थोडं करून पुरं केलं होतं. आता माळाची पाळी होती, म्हणून तिथल्या केंद्रांवरची माणसंही बोलावली होती. शेवटी मत घ्यायची वेळ आली, तेव्हा माइक पल्लवीने घेतला. पुष्कर पुढच्या रांगेत बसला होता.

“या वेळी क्रम थोडा वेगळा,” ती म्हणाली. “पुस्तकात क्रम दिलेला नाही, म्हणून आपण ठरवू शकतो. पुष्कर सर, बरोबर?”

पुष्करने मान डोलावली. दुसरं काय करणार?

“आधी मूठ, एक आणि दोनवाले. ते बोलून झाले की मग बाकीचे. साहेब सगळ्यात शेवटी.”

धनाजीरावांचा पंजा निम्मा वर आला होता. तो तिथेच थांबला. मागून कुणीतरी सवयीने “मं...” म्हटलं आणि गिळून टाकलं. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बाईंच्या डोळ्यांसमोर पालथा कॅन आला, पहाट आली. पण समोर बघितलं तर सगळे मांडीवर हात ठेवून एकमेकांकडे चोरून बघत होते. तेच चेहरे, हॉलमधल्या चौकटीतले. कुणी हलेना. बाईंना वाटलं, संपलं. आता पोरीचं हसं होणार.

मग पार मागे, दाराजवळ, एक हात हळूच वर आला. दोन बोटं. खरातवस्तीचा गुंडा.

सगळ्या माना मागे वळल्या. गुंडाने दुसऱ्या हाताने मनगट धरून बोटं वर ठेवली होती.

“काय रं गुंडा?” धनाजीरावांनी माइकशिवायच विचारलं.

“रेंज अजून टेकाडावरच येती सायेब,” गुंडा म्हणाला. “खाली न्हाई.”

कुणी हसलं नाही. बाई खुर्चीतून उठल्या, आणि समोरच्या टेबलावरचा, साहेबांसाठी भरून ठेवलेला चहा उचलून, पायऱ्या उतरून, दाराकडे निघाल्या.